लिम्फोमा यकृतात पोहोचला तरी सी७८.७ का लावायचा नाही?

अमेरिकी रुग्णांच्या नोंदी, म्हणजे चार्ट, वाचून तुम्ही निदानांना आयसीडी-१०-सीएम या अमेरिकी यादीतले कोड लावता. तुमच्या प्रश्नात एकाच रुग्णाचे दोन चार्ट आहेत. पहिल्यात मानेतली गाठ काढून बायॉप्सी झाली आणि निदान आलं डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, म्हणजे डीएलबीसीएल, लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा एक कॅन्सर. पेट स्कॅननंतर अमेरिकेतल्या ऑन्कॉलॉजिस्टने लिहिलं, ‘मेटास्टॅटिक डीएलबीसीएल, स्टेज फोर, मान, छाती आणि पोटातल्या लिम्फ नोड्स, यकृत आणि उजवं फुप्फुस’. तुम्ही मानेतल्या नोड्समधल्या डीएलबीसीएलचा सी८३.३१ लावलात आणि पुढे दुसरीकडून पसरून आलेल्या, म्हणजे सेकंडरी कॅन्सरचे कोड जोडलेत: यकृतासाठी सी७८.७, फुप्फुसासाठी सी७८.०१. कोड तपासणाऱ्या ऑडिटरने सी७८ चे दोन्ही काढून टाकले. दुसरा चार्ट उपचार संपल्यानंतरच्या भेटीचा. तिथे ‘हिस्टरी ऑफ डीएलबीसीएल, नाऊ इन कम्प्लीट रिमिशन’ असं वाक्य आहे. रिमिशन म्हणजे तपासणीत आजाराच्या खुणा न दिसणं. तुम्ही ‘पूर्वी होता’ असं सांगणारा झेड८५.७२ दिलात, ऑडिटर रिमिशनमधल्या डीएलबीसीएलचा सी८३.३ए म्हणतोय. तुमचा सवाल असा, की ‘मेटास्टॅटिक’ आणि ‘हिस्टरी’ हे दोन्ही शब्द डॉक्टरांनीच लिहिलेत, मग माझं चुकलं कुठे?

पहिल्या चार्टमध्ये ऑडिटरचं बरोबर आहे आणि त्यात वादाला जागा नाही. दुसऱ्यातही, तुम्ही दिलेलं वाक्य जसंच्या तसं असेल तर, मी सी८३.३ए हाच कोड लावेन. पण तिथे एक-दोन शब्द इकडचे तिकडे झाले असते तर उत्तर बदललं असतं, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते.

मी बरीच वर्षं ऑन्कॉलॉजीचे चार्ट कोड करते आणि नव्या कोडरना शिकवते. तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी जी अडचण आहे ती या दोन कोडपेक्षा मोठी आहे. आपण सगळे कॅन्सर कोडिंग शिकतो ते स्तन, फुप्फुस, आतडं या अवयवांवरून. प्रायमरी, म्हणजे मूळ कॅन्सर, कुठे, सेकंडरी कुठे, प्रायमरी काढून टाकला का, की मग झेड८५, म्हणजे पूर्वीच्या कॅन्सरचा कोड. ही चौकट इतकी पक्की बसते की लिम्फोमाचा चार्ट आला तरी हात आपोआप सेकंडरीच्या सी७७ ते सी७९ कडे वळतो. लिम्फोमा त्या चौकटीत बसत नाही.

स्तनाचा कॅन्सर यकृतात गेला की तो आपली जागा सोडून गेलेला असतो. लिम्फोसाइट ही पेशी मुळातच फिरणारी. रक्तात, लिम्फ नोड्समध्ये, प्लीहेत, बोन मॅरोमध्ये, आतड्याच्या अस्तरात ती निरोगी माणसातही ये-जा करत असते. तिचा कॅन्सर झाला की तो अनेक ठिकाणी दिसणं हे त्या आजाराच्या स्वभावातच आहे. म्हणून आयसीडी-१०-सीएममध्ये सी८१ पासूनच्या कोडची रचना आधी पेशीचा प्रकार विचारते आणि मग जागा. सी८१ हॉजकिन, सी८२ फॉलिक्युलर, सी८३ नॉन-फॉलिक्युलर, सी८४ आणि सी८६ टी व एनके पेशींचे, सी८५ मध्ये इतर आणि प्रकार न सांगितलेले. डीएलबीसीएल सी८३.३ मध्ये, मँटल सेल सी८३.१ मध्ये, बर्किट सी८३.७ मध्ये. जागा येते ती त्यानंतरच्या अक्षरात.

हे पाचवं अक्षर नीट लक्षात ठेवा, कारण तुमच्या पहिल्या चार्टचा निकाल तिथेच लागतो. १ म्हणजे डोकं, चेहरा, मान इथल्या नोड्स. २ छातीतल्या, ३ पोटातल्या, ४ काख आणि हात, ५ जांघ आणि पाय, ६ ओटीपोटातल्या, ७ प्लीहा, ८ अनेक ठिकाणच्या नोड्स आणि ९ म्हणजे नोडबाहेरचे व घन अवयव. जागा लिहिलेलीच नसेल तर ०. प्लीहेला स्वतंत्र अंक आहे, ती ९ मध्ये मोडत नाही, हे नवे कोडर हमखास विसरतात. लिम्फोमाची स्टेज ठरवणाऱ्या लुगानो वर्गीकरणातही प्लीहा नोडच्या बाजूलाच धरतात, त्यामुळे ‘स्प्लीनमध्ये आहे म्हणजे एक्स्ट्रानोडल (नोडबाहेरचं)’ हा अंदाज दोन्हीकडे फसतो.

आता ‘मेटास्टॅटिक’ शब्दाकडे. अधिकृत गाइडलाइन्समध्ये कॅन्सरच्या प्रकरणात याच प्रसंगासाठी स्वतंत्र परिच्छेद आहे: भाग एक, सी, दोन, टी. लिम्फॉइड ऊतीचा कॅन्सर नोड्सच्या पलीकडे गेला तर त्या अवयवाचा सेकंडरी कोड द्यायचा नाही, लिम्फोमाच्याच गटातला नोडबाहेरच्या जागेचा कोड द्यायचा, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. उदाहरणही बी-सेल लिम्फोमा फुप्फुस, मेंदू आणि डाव्या अ‍ॅड्रिनलमध्ये गेल्याचं आहे, म्हणजे तुमच्या चार्टच्या अगदी जवळचं. लक्षात घ्या, हा परिच्छेद डॉक्टर ‘मेटास्टॅटिक’ लिहितात हे गृहीत धरूनच लिहिलेला आहे. डॉक्टर चुकले असं तो म्हणत नाही. आजार पसरला आहे ही वैद्यकीय माहिती त्यांनी दिली, ती कोणत्या कोडमध्ये मांडायची ते गाइडलाइन ठरवते. सी७७ खालची एक्सक्लूड्स नोटही वाचा. लिम्फ नोड्सचा प्रायमरी कॅन्सर तिथून वगळून लिम्फोमाच्या गटाकडे पाठवला आहे.

मग कोड कोणता? इथे सेवेची तारीख विचारल्याशिवाय मी उत्तर देत नाही. १ ऑक्टोबर २०२४ च्या आधीची भेट असेल तर सी८३.३९. त्या तारखेपासून सी८३.३९ पाच अक्षरांवर थांबत नाही, त्याचे दोन भाग झाले. सी८३.३९० फक्त प्रायमरी सीएनएस, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूतच सुरू झालेल्या, लिम्फोमासाठी आणि सी८३.३९८ बाकी सगळ्या नोडबाहेरच्या जागांसाठी. तुमच्या चार्टची तारीख त्यानंतरची आहे असं धरलं, तर यकृत आणि फुप्फुस मिळून सी८३.३९८, एकदाच. दोन अवयव म्हणून दोनदा नाही.

इथेच एक सावधगिरी. लिम्फोमा शरीरात इतरत्र आहे आणि नंतर मेंदूत पोहोचला, तर तो प्रायमरी सीएनएस लिम्फोमा होत नाही. तोही सी८३.३९८ मध्येच. एमआरआयमध्ये मेंदूतली गाठ दिसली म्हणून ३९० निवडल्याचे चार्ट माझ्याकडे तपासणीला येतात. डॉक्टरांनी ‘प्रायमरी सीएनएस’ असं लिहिलं असेल तरच तो कोड.

नोड्सचं काय करायचं? तुमच्या रुग्णात मान, छाती, पोट अशा तीन भागांतल्या नोड्स आहेत. म्हणजे सी८३.३१ तसाही चुकीचाच होता. अनेक भागांसाठी सी८३.३८ आहे. सी८३.३९८ सोबत सी८३.३८ सुद्धा द्यायचा का, यावर कोडिंग कंपन्यांमध्ये सरसकट एकमत नाही. काही क्लायंट दोन्ही मागतात, काहींना नोडबाहेरचा एकच पुरतो. माझा कल दोन्ही देण्याकडे आहे, कारण दोन्ही गोष्टी डॉक्टरांनी लिहिल्या आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. पण तुमच्या प्रोजेक्टचं लेखी धोरण असेल तर ते आधी पाहा आणि त्यानुसारच चाला. सी७८ मात्र कुठल्याच धोरणात बसणार नाही.

यात एवढा काथ्याकूट का, ते सांगते. अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या मेडिकेअर विम्यात रुग्ण जितका जास्त आजारी, तितके जास्त पैसे विमा कंपनीला मिळतात, यालाच रिस्क अ‍ॅडजस्टमेंट म्हणतात. मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेजच्या रिस्क अ‍ॅडजस्टमेंटमध्ये यकृतातल्या मेटास्टॅसिसचा गट लिम्फोमाच्या गटापेक्षा वरचा आहे. सी७८.७ लावला की रुग्णाच्या नावावर जास्त पैसे मागितले जातात, तेही नियमावलीने स्पष्टपणे मनाई केलेल्या कोडवर. असा कोड एका चार्टमध्ये गेला तर दुरुस्ती होते. टीममध्ये सगळेच तसं करत असतील तर तो क्लायंटवर फसवणुकीच्या आरोपाचा विषय होऊ शकतो. आणि रुग्णाच्या बाजूने बघा. त्याच्या नोंदीत ‘यकृताचा सेकंडरी कॅन्सर’ बसला, तर पुढचा डॉक्टर, विमा कंपनी, दुसरं हॉस्पिटल सगळे विचारणार की प्रायमरी कुठला होता. आधीच केमोने थकलेल्या माणसाला तो खुलासा करत बसावा लागतो.

तुम्ही लिहिलंय की याआधी तुम्ही इथल्या एका हॉस्पिटलच्या कॅन्सर रजिस्ट्रीत काम करत होतात. हे वाचल्यावर मला तुमच्या गोंधळाचा आणखी एक धागा सापडला. रजिस्ट्रीत आयसीडी-ओ, म्हणजे कॅन्सरसाठीची वेगळी कोड यादी, वापरतात. या कामात जागेचा कोड वेगळा आणि पेशीप्रकाराचा वेगळा असे दोन कोड लिहितात. तिथे मानेतल्या नोड्समधल्या डीएलबीसीएलला जागा म्हणून सी७७.० आणि पेशीप्रकार म्हणून ९६८०/३ येतो. आयसीडी-ओमधला सी७७ फक्त ‘लिम्फ नोड’ ही जागा सांगतो. आजार प्रायमरी आहे हे तिरक्या रेषेनंतरचा ३ सांगतो. आयसीडी-१०-सीएममधल्या सी७७ चा अर्थच ‘नोड्समधला सेकंडरी कॅन्सर’ असा आहे. अक्षर-आकडे तेच, अर्थ पार वेगळा. रजिस्ट्रीतून अमेरिकी कोडिंगमध्ये आलेल्यांचा हात सी७७ वर जाणं म्हणूनच स्वाभाविक आहे. हा फरक एकदा डोक्यात बसला की तो पुन्हा त्रास देत नाही, आणि तुमची रजिस्ट्रीची तयारी उलट उपयोगी पडते, कारण पॅथॉलॉजी रिपोर्ट शांतपणे वाचायची सवय तुम्हाला आधीच आहे.

आणि तो रिपोर्ट वाचणं हेच लिम्फोमात अर्धं काम आहे. सुईने पेशी काढून केलेल्या तपासणीत पुष्कळदा ‘सस्पिशस फॉर लिम्फोमा’ एवढंच येतं, कारण प्रकार ठरवायला नोडची अंतर्गत रचना दिसावी लागते. म्हणून डॉक्टर अख्खी गाठ किंवा जाड सुईचा तुकडा मागतात, त्यावर सीडी२०, सीडी३, सीडी१०, बीसीएल६ असे मार्कर पाहतात, गरज पडली तर गुणसूत्रांमधले बदल शोधणारी फिश चाचणी करतात. तोवर ओपीडीच्या चार्टमध्ये ‘सस्पेक्टेड’, ‘प्रॉबेबल’, ‘कन्सिस्टंट विथ’ असे शब्द असतील तर लिम्फोमाचा कोड द्यायचा नाही. जे नक्की आहे ते द्यायचं, उदाहरणार्थ एकाच भागातल्या वाढलेल्या नोड्ससाठी आर५९.०. रुग्ण दाखल असेल आणि डिस्चार्जच्या वेळीही डॉक्टर ‘प्रॉबेबल’ म्हणत असतील तर आंतररुग्णाचा नियम वेगळा आहे, तिथे निदान झाल्यासारखं कोड करता येतं. पण एकदा चुकून ओपीडीत सी८३ गेला आणि पुढे बायॉप्सीत साधा संसर्ग निघाला, तर त्या माणसाच्या नावावर कॅन्सर चिकटून राहतो. आयुर्विम्याचा अर्ज करताना त्याला ते कळतं. म्हणून हा नियम मी नव्या मुलांना सगळ्यात आधी शिकवते.

ऑन्कॉलॉजिस्टने नुसतं ‘लिम्फोमा’ लिहिलं आणि पॅथॉलॉजिस्टच्या अंतिम रिपोर्टात डीएलबीसीएल असेल तर? ओपीडीत, रिपोर्ट डॉक्टरने वाचून अंतिम केलेला आणि कोडिंगच्या वेळी हाताशी असेल, तर त्यातलं पक्कं निदान घेता येतं. आंतररुग्णात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ते स्वतः नोंदवलेलं लागतं, नाहीतर क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना लेखी प्रश्न. त्याशिवाय नुसता सी८५.९ देऊन मोकळं होणं मला पटत नाही. उपचार प्रकारावर ठरतात, औषधांच्या मंजुऱ्या प्रकारावर ठरतात. निदानाच्या जागी ‘अनस्पेसिफाइड’ दिसलं की विमा कंपनी महागडं औषध किंवा पेट स्कॅन अडवू शकते.

याच कारणाने ‘गॅस्ट्रिक लिम्फोमा’ दिसला की मी थांबते. पॅथॉलॉजीत माल्ट, म्हणजे अवयवाच्या अस्तराशी जोडलेल्या ऊतीतला, लिम्फोमा असेल तर तो सी८३ किंवा सी८५ मध्ये जात नाही, सी८८.४ मध्ये जातो, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथेही सी८८.४०, रिमिशन न मिळालेला, आणि सी८८.४१, रिमिशनमधला, असे दोन भाग आहेत. जठराचा माल्ट लिम्फोमा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूच्या संसर्गाशी जोडलेला असतो आणि लवकरच्या अवस्थेत कित्येकांना आधी प्रतिजैविकांचाच कोर्स देतात. चार्टमध्ये केमो नाही, नुसत्या अँटिबायोटिक गोळ्या दिसतात म्हणून ‘कॅन्सर सक्रिय नाही’ असं समजू नका. त्या गोळ्या हाच त्याचा उपचार.

आता दुसरा चार्ट. २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत लिम्फोमाला रिमिशनचा वेगळा कोडच नव्हता. रिमिशनमधला रुग्णही सक्रिय लिम्फोमाच्याच कोडवर राहायचा, कारण रिमिशन म्हणजे आजार गेला असं लिम्फोमात मानत नाहीत. नवीन अक्षर ‘ए’ आलं ते हा अर्थ नीट सांगण्यासाठी. सी८३.३ए मध्ये जागा विचारलेली नाही, कारण दाखवायला जागा उरलेली नसते. झेड८५.७२ वेगळं सांगतो: आजार पूर्वी होता, उपचार पूर्ण झाले, आता तो नाही.

तुमच्या वाक्यात ‘हिस्टरी ऑफ’ आणि ‘इन कम्प्लीट रिमिशन’ एकत्र आहेत. अमेरिकी डॉक्टर ‘हिस्टरी ऑफ’ हे शब्द फार सैल वापरतात. मधुमेह चालू असलेल्या रुग्णालाही ‘हिस्टरी ऑफ डायबेटिस’ लिहितात. ‘कम्प्लीट रिमिशन’ मात्र ते विचार करून लिहितात. एकाच वाक्यात दोन्ही आले आणि आजाराची आजची स्थिती सांगणारा शब्द ‘रिमिशन’ असेल, तर मी त्याच शब्दावर कोड करते. त्याच नोंदीत पुढे दर काही महिन्यांनी तपासणी, रक्ताच्या चाचण्या, पुढचा स्कॅन असा बेत लिहिला असेल तर माझी खात्री आणखी वाढते.

पण वाक्य वेगळं असतं तर? ‘हिस्टरी ऑफ डीएलबीसीएल, ट्रीटमेंट कम्प्लीटेड, क्युअर्ड’ असं लिहिलं आणि रिमिशनचा उल्लेखच नाही, तर झेड८५.७२, आणि भेट केवळ फॉलोअपची असेल तर पहिला झेड०८. झेड०८ सोबत सी८३.३ए लावणं विसंगत ठरतं. झेड०८ म्हणतो उपचार पूर्ण झाले आणि आजार उरला नाही. रिमिशनचा कोड म्हणतो आजार अजून या माणसाच्या खात्यावर आहे. दोन्ही एका क्लेमवर दिसले की मी चार्ट परत उघडते.

खरा पेच ‘एनईडी’ चा. ‘नो एव्हिडन्स ऑफ डिसीज’ हे डॉक्टरांनी लिहिलं, रिमिशन नाही, क्युअर नाही, काहीच नाही. काही कोडर त्याला रिमिशन धरतात, काही हिस्टरी. मी दोन्ही धरत नाही, क्वेरी पाठवते. पेट रिपोर्टातला डोव्हिल स्कोअरही तसाच. एक ते तीन म्हणजे चांगला प्रतिसाद हे आपल्याला ठाऊक असतं, पण रेडिऑलॉजिस्टच्या आकड्यावरून ‘रिमिशन’ हा निष्कर्ष काढणं कोडरचं काम नाही. उलट बाजूनेही हेच लागू: पेटमध्ये एखाद्या हाडात ‘अपटेक’ दिसला म्हणून हाडात लिम्फोमा आहे असं धरायचं नाही. केमोनंतर दिलेल्या वाढघटकांच्या इंजेक्शननेही बोन मॅरो उजळून दिसतो.

उपचार चालू असतानाच्या भेटींचं तुम्ही विचारलं नाही, तरी लिहिते, कारण अशा शब्दांचा घोळ तिथे सर्वांत जास्त होतो. डीएलबीसीएलवरच्या आर-चॉप या केमोचे सहसा सहा फेरे, दर तीन आठवड्यांनी. दोन-चार फेऱ्यांनंतरचा मधला पेट स्वच्छ आला की नोंदीत ‘एक्सलंट रिस्पॉन्स, कंटिन्यू आर-चॉप’ येतं. प्रतिसाद चांगला आहे एवढंच त्यातून कळतं. आजारावर उपचार चालूच आहेत, त्यामुळे सक्रिय कोडच राहतो. ‘इन रिमिशन’ असं स्पष्ट लिहिलं आणि तरी केमो पुढे चालू आहे, अशा वेळी मी एकदा विचारून घेते, कारण डॉक्टरांना स्कॅनचा निकाल सांगायचा असतो की आजाराची स्थिती, हे कागदावरून ठरत नाही. फॉलिक्युलर लिम्फोमात रिटुक्सिमॅबचा मेंटेनन्स असतो तेव्हा चित्र वेगळं. तिथे रिमिशन मिळाल्यावर ते टिकवण्यासाठीच औषध देतात, म्हणून रिमिशनचा कोड आणि उपचार हे एकत्र दिसणं बरोबर असतं.

भेट केमो देण्यासाठीच असेल तर पहिला कोड उपचाराचा. आर-चॉपमध्ये सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन आहेत म्हणून झेड५१.११, आणि रिटुक्सिमॅब हे मोनोक्लोनल अँटिबॉडी आहे म्हणून झेड५१.१२. दोन्ही लावता येतात, कुठलाही आधी. त्यानंतर लिम्फोमा. रक्तक्षयाचा क्रम मात्र कारणावर ठरतो: भेट केवळ रक्तक्षयाच्या उपचारासाठी असेल आणि तो कॅन्सरमुळे असेल तर लिम्फोमा आधी आणि मग डी६३.०, केमोमुळे असेल तर डी६४.८१ आधी, त्याच्यासोबत औषधाच्या दुष्परिणामाचा टी४५.१ मधला कोड आणि लिम्फोमा. कारण लिहिलेलं नसेल तर ते आपण ठरवायचं नाही.

आजार उलटला तर? ल्युकेमियाला ‘इन रिलॅप्स’ असा कोड आहे, सी८३ मध्ये नाही. म्हणून डीएलबीसीएल परत आल्यावर ए काढायचा आणि आता जिथे आहे त्या जागेचा सक्रिय कोड द्यायचा. पूर्वी मानेत होता आणि आता पोटातल्या नोड्समध्ये असेल तर आजची जागा पोट. पुष्कळ जण जुन्या चार्टमधला कोड तसाच उचलतात. रुग्णाला कार-टी, म्हणजे प्रयोगशाळेत बदललेल्या टी-पेशींचे, उपचार होऊन गेले असतील तर त्या इतिहासासाठी झेड९२.८५० आहे, तोही राहून जातो.

थोडक्यात तुमचे दोन चार्ट मी असे बंद करेन. पहिला: सी८३.३९८, धोरण परवानगी देत असेल तर सोबत सी८३.३८, आणि सी७८ चे दोन्ही कोड बाहेर. दुसरा: सी८३.३ए, झेड०८ नाही, झेड८५.७२ नाही.

पहिल्या चार्टची एरर मान्य करा. दुसऱ्यावर ऑडिटरशी बोलायचं असेल तर एक गोष्ट आधी तपासा. ‘कम्प्लीट रिमिशन’ हे शब्द असेसमेंटमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या आजच्या निष्कर्षात आहेत, की वरच्या इतिहासात, जुन्या नोंदीतून चिकटवलेल्या मजकुरात? मजकूर जुनाच पुढे ओढला गेला असेल आणि आजच्या असेसमेंटमध्ये फक्त ‘हिस्टरी ऑफ लिम्फोमा’ असेल, तर हा चार्ट क्वेरीचा होता. तुमचा कोडही अंतिम नव्हता आणि ऑडिटरचाही नाही.

क्वेरी लिहिताना उत्तर सुचवू नका. मी साधारण अशी रचना ठेवते: ‘अमुक तारखेच्या नोंदीत इतिहासाच्या भागात डीएलबीसीएल इन कम्प्लीट रिमिशन असा उल्लेख आहे, असेसमेंटमध्ये हिस्टरी ऑफ लिम्फोमा असं आहे, शेवटचा उपचार अमुक तारखेला, शेवटचा पेट अमुक तारखेला. आपल्या वैद्यकीय मतानुसार या भेटीच्या वेळी आजाराची स्थिती कृपया नोंदवा.’ त्याखाली पर्याय: ‘सक्रिय, उपचाराधीन’; ‘रिमिशनमध्ये’; ‘पूर्वीचा आजार, उपचार पूर्ण, आता नाही’; ‘अन्य’; ‘सांगता येत नाही’. कोड क्रमांक क्वेरीत घालू नका आणि पैशांचा उल्लेख तर अजिबातच नको. डॉक्टरांचं उत्तर चार्टमध्ये अ‍ॅडेंडम (पुरवणी नोंद) म्हणून, तारीख आणि सहीसकट यायला हवं. ईमेलवर किंवा चॅटवर आलेल्या ‘येस, रिमिशन’ वर कोड बदलू नका.